थांब, एक्स्पोजर चालू आहे!

फ्लॅशचा उजेड जेमतेम चार-पाच मीटर जातो. समोरचा डोंगर काही किलोमीटर लांब असतो. हे गणित पाचवीतलं पोरही सोडवेल. तरीही जूनमधल्या एका शनिवारी रात्री ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात, एरवाल्ड आणि लेर्मोस या दोन गावांमधल्या कुरणात, चांगली शिकलेली माणसं डोंगरावर फ्लॅश मारत उभी असतात. त्या उजेडात पुढच्या माणसाची पाठ लख्ख येते, त्याच्या जॅकेटवरचा कंपनीचा लोगो येतो, हवेतली चिलटं तारे बनून येतात. डोंगर तेवढा येत नाही.

डोंगरावर काय चाललेलं असतं ते आधी सांगायला हवं. एरवाल्ड हे गाव समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटरवर, म्हणजे लोणावळ्याहून उंच आणि पाचगणीहून खाली. पण चारही बाजूंनी भिंती उभ्या. एका अंगाला त्सुगश्पिट्झ, २,९६२ मीटर. जर्मनीतलं सर्वांत उंच शिखर म्हणून ते मिरवतं, पण देशाची हद्द त्याच्या माथ्यावरूनच जाते आणि एरवाल्डकडची बाजू ऑस्ट्रियाची. दुसऱ्या अंगाला सोन्नेनश्पिट्झ, २,४१७ मीटर, एखाद्या पिरॅमिडसारखं टोकदार. नावाचा सरळ अर्थ सूर्यशिखर. वर्षातला सर्वांत मोठा दिवस २१ जूनच्या आसपास येतो, आणि त्याच्या जवळच्या शनिवारी अंधार पडू लागला की या कड्यांवर, कपारींत, शिखरांच्या धारेवर एकेक ठिणगी उमटू लागते. ठिणग्यांच्या रांगा होतात, रांगांमधून चित्रं निघतात: कुठे क्रूस, कुठे हृदय, कुठे एखादा प्राणी. अशा हजारो छोट्या आगी. ऑस्ट्रियाने आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत एरवाल्डच्या या आगींचं नाव २०१० साली घातलं. फोटोग्राफरांची यादी त्याच्या कितीतरी आधीच तयार होती.

मराठी वाचकाची पहिली अडचण ऋतूची. ‘भर उन्हाळ्यातली होळी’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे माठ, पन्हं आणि बंद पडलेला कूलर येतो. जून अर्धा सरला की तो मनाने रेनकोटात शिरलेला असतो. उन्हाळा त्याच्या लेखी संपलेला. इकडे टिरोलमध्ये मात्र हाच ऐन उन्हाळा, आणि त्या ऐन उन्हाळ्यात रात्री दहा वाजता कानटोपी लागते.

या गर्दीत हमखास सापडणारं एक कुटुंब म्हणजे म्युनिकला आयटीत असलेला पुणेकर, त्याची बायको आणि उन्हाळ्यापुरती आलेली आई. म्युनिकहून गार्मिशला गाडी बदलली की एरवाल्ड फार लांब नाही. पुणेकराच्या पाठीवर कॅमेऱ्याची बॅग, हातात ट्रायपॉड, खिशात दोन जादा बॅटऱ्या. आईच्या पिशवीत शाल, पाण्याची बाटली आणि तिखटमिठाच्या पुऱ्या. सामानाच्या वजनात फरक दसपट आणि उपयोगात तितकाच, पण उलटा.

तो सहा वाजताच येऊन जागा धरतो. कारण जागेवर सगळं अवलंबून असतं, हे त्याने युट्यूबवर ऐकलेलं आहे. सूर्यास्त होतो सव्वानऊच्या सुमाराला आणि त्यानंतरही तास-दीड तास आभाळात उजेड रेंगाळतो. म्हणजे चार-पाच तास करायचं काय? तर ट्रायपॉड दोन फूट डावीकडे न्यायचा आणि मग पुन्हा उजवीकडे आणायचा. शेजारचा डच माणूस तेच करत असतो. थोड्या वेळाने दोघांच्या जागांची अदलाबदल झालेली असते आणि दोघांनाही आपण काहीतरी मिळवल्याचं समाधान असतं.

जागेची भानगड इथे खरोखरच नाजूक आहे. लेर्मोसच्या नावातच ‘मोस’ आहे. त्या बाजूच्या बोलीत मोस म्हणजे दलदल. चर खणून पाणी काढून दलदलीची कुरणं झाली, पण जमीन अजून गादीसारखी दबते. माणूस या पायावरून त्या पायावर आला तरी शेजारच्याच्या ट्रायपॉडला कळतं. तीस सेकंदांचं एक्स्पोजर चालू असताना मागून कुणी चालत गेलं की आगीच्या प्रत्येक ठिपक्याला शेपूट फुटतं. त्यामुळे फोटोग्राफर एकमेकांकडे बघतात ते आषाढी एकादशीला कांदाभजी तळणाऱ्या शेजाऱ्याकडे बघावं तसे.

शिवाय ते गवत नुसतं गवत नसतं. जून म्हणजे कापणीचे दिवस. पायांखालचं हिरवंगार मखमली दृश्य हे तिथल्या गाईचं हिवाळ्यातलं ताट असतं आणि त्या ताटात ट्रायपॉड रोवलेला कुठल्याच शेतकऱ्याला आवडत नाही. त्याने काय म्हटलं ते पुणेकराला त्या डोंगरी जर्मनमध्ये कळत नाही, पण आईला बरोबर कळतं. “अरे, तो म्हणतोय शेतातून बाहेर ये. आपले तात्याही असेच ओरडायचे.” म्हणून शहाणी माणसं कुरणात न शिरता पायवाटेच्या कडेला उभी राहतात.

मग तो क्षण येतो. याला मराठी फोटोग्राफरही ‘ब्लू अवर’च म्हणतात. नावात तास असला तरी कामाची असतात ती वीसेक मिनिटंच. आभाळ गर्द निळं असतं, डोंगराची कड अजून दिसत असते आणि आगी पेटलेल्या असतात. त्याआधी फोटो काढला तर आगी फिकट, नंतर काढला तर डोंगर गायब. उरतात ते काळ्या कागदावर सांडलेले शेंदरी ठिपके. ते एरवाल्डचे आहेत की नवी मुंबईतल्या ट्रॅफिकचे, हे काढणाऱ्यालाही शपथेवर सांगता येत नाही.

या वीस मिनिटांत पुणेकराचे दोन शत्रू जागे होतात. पहिला ऑटोफोकस. अंधारात तो पुढे-मागे गुरगुरतो आणि शेवटी समोरच्या बाईंच्या शेंडीला जाऊन चिकटतो. म्हणून फोकस हाताने ‘अनंता’वर न्यायचा. पण हल्लीच्या बऱ्याच लेन्स अनंताच्याही पुढे फिरतात. यात तत्त्वज्ञान काही नाही. थंडी-गरमीने लेन्सचे भाग आकुंचन-प्रसरण पावतात, त्यासाठी कारखान्याने मुद्दाम ठेवलेली ती सोय आहे. परिणाम एवढाच की ज्ञानोबा-तुकोबांच्या मुलखातला माणूस अनंताच्या चार मिलिमीटर पुढे जाऊन थांबतो आणि त्याच्या फोटोत आगीच्या ठिपक्यांचे लाडू वळले जातात.

दुसरा शत्रू जास्त आतल्या गाठीचा. कॅमेऱ्यात ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ नावाची सोय असते. ती चालू राहिली तर तीस सेकंदांचा फोटो काढून झाल्यावर कॅमेरा पडदा बंद करून तितकेच तीस सेकंद अंधाराचा आणखी एक फोटो काढतो आणि दोन्हींची वजाबाकी करतो. तोवर बटण दाबलं तरी ढिम्म. वीस मिनिटांतली दहा मिनिटं कॅमेरा अंधाराचा फोटो काढत असतो. समोर अख्खा डोंगर पेटलेला, आणि ग्राहकाने उभं राहायचं ते स्क्रीनवरचं ‘बिझी’ वाचत, दुपारी एक ते चारमध्ये दुकानाबाहेर उभं राहावं तसं. या पाटीचा अपमान पुणेकरालाच सर्वांत जास्त लागतो.

“अरे, वर तरी बघ जरा,” बायको म्हणते.

“थांब, एक्स्पोजर चालू आहे.”

“आई, तुम्हाला थंडी वाजतेय का?”

“नाही गं. ते बघ, डोंगराला कुणी पणत्या लावल्यात. होळी कसली, ही तर दिवाळी आहे.”

त्या कुरणात त्या रात्री झालेलं हे सर्वांत अचूक निरीक्षण. इंटरनेटवर या आगींचं वर्णन ‘बॉनफायर’ असं होतं आणि लोक मोठा धगधगता ढीग मनात धरून येतात. एरवाल्डची गंमत त्याच्या उलट आहे. जाळ लहान आणि संख्या प्रचंड. आग शेकायची नाहीच मुळी, ती लांबून वाचायची. एक ठिपका म्हणजे एक अक्षरही नाही, नुसतं टिंब.

आणि ती टिंबं तिथे आपोआप जात नाहीत. जळण पाठीवर बांधून गावातली माणसं दिवसा वर चढतात. जिथे शेळीही विचार करून पाय टाकेल अशा जागांवर ती एकेक करून मांडतात, अंधार पडला की पेटवतात, विझेपर्यंत थांबतात आणि मध्यरात्री कपाळावर दिवा लावून खाली उतरतात. गंमत पाहा, चित्र काढणाऱ्याला चित्र दिसत नाही. मोठी रांगोळी घालणाऱ्या बाईला हातातली पाकळी तेवढी दिसते, तसं वरच्या माणसाला समोरच्या चार आगट्या दिसतात आणि धूर. हृदय छान आलं की त्याचा बटाटा झाला, ते खालच्याने सांगायचं. आणि खालचा तर वाकून तीन इंची स्क्रीन बघत असतो. शिवाय परत उतरणाऱ्यांच्या कपाळदिव्यांची रांग फोटोत आली की तोच कुरकुरतो, “या लोकांनी फ्रेम घालवली!”

आगीमागची गोष्ट जुनी आहे. सूर्य माथ्यावर आला, आता तो उतरणीला लागणार, म्हणून या सुमाराला आग पेटवायची हे युरोपात फार ठिकाणी होतं. चर्चने २४ जून हा बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा सण ठरवला, आगीला योहानाचं नाव मिळालं आणि ती पेटायची तशी पेटत राहिली. जत्रेचं कारण बदललं म्हणून जत्रा थांबत नाही, हे महाराष्ट्राला समजावून सांगायला नको. पोरं घरोघर लाकडं मागत फिरत, जोडपी हातात हात धरून जाळावरून उडी मारत. होळीसाठी शेजारच्यांच्या गोवऱ्या आणि मोडकी खुर्ची पळवलेल्या कुणालाही इथे परकं वाटणार नाही.

आगीचा फोटो चांगला येतो हे मात्र राजकारण्यांना फोटोग्राफरांच्या आधी कळतं. १९३०च्या दशकात नाझींनी हीच अयनदिनाची आग आपल्या संचलनात ओढली आणि मशालींच्या रांगांची छायाचित्रं छापून आणली.

डोंगर ओलांडून दक्षिण टिरोलमध्ये गेलं की आगीचं कारणच वेगळं. १७९६ साली नेपोलियनच्या फौजा आल्प्सच्या दाराशी आल्या तेव्हा बोझेन इथे जमलेल्या टिरोलच्या प्रतिनिधींनी येशूच्या पवित्र हृदयाला नवस केला. १८०९ साली अँड्रियास होफर या खाणावळवाल्याने फ्रेंच आणि बव्हेरियन फौजांशी लढताना तो नवस पुन्हा जागवला. तेव्हापासून तिथे ‘पवित्र हृदयाच्या रविवारी’ डोंगरांवर आगी पेटतात, हृदयाच्या आणि क्रुसाच्या आकारात. हा रविवार ईस्टरच्या हिशेबाने पुढे-मागे होतो. मागच्या वर्षीच्या तारखेला कॅमेरा घेऊन पोचणाऱ्याला तिथे अंधार आणि गाई एवढंच मिळतं. कालनिर्णयात न बघता संकष्टीला गणपती मंदिरात गेल्यासारखं ते होतं. देव असतो, मोदक नसतो.

पहिल्या महायुद्धानंतर दक्षिण टिरोल इटलीकडे गेलं. तिथल्या जर्मनभाषकांना ही आग म्हणजे आपण कोण हे सांगायची खूण झाली. १९६१च्या जूनमध्ये त्याच रविवारच्या रात्री इटलीपासून वेगळं होऊ पाहणाऱ्या एका गुप्त गटाने विजेचे तीन डझन मनोरे स्फोटांनी उडवले. एका रस्ता-कामगाराचा त्यात जीव गेला. ज्या रात्री गावातली निम्मी माणसं आग लावायला डोंगरावर जातात, त्या रात्री आणखी काही वर गेली तर खटकणार कुणाला? इतिहासात ही रात्र ‘आगीची रात्र’ म्हणूनच नोंदली गेली आहे. आज तिथे जाऊन कुणी विचारलं, “या हृदयाचा अर्थ काय?” तर उत्तराची लांबी उत्तर देणाऱ्याच्या वयावर अवलंबून असते.

पिरेनीज पर्वतात तर फोटोग्राफरची वेगळीच फजिती. तिथे आग डोंगरावर बसून राहत नाही, ती खाली उतरते. अँडोरा, स्पेन आणि फ्रान्समधल्या गावांतली माणसं पेटते ओंडके, मशाली खांद्यावर घेऊन रात्री डोंगरावरून गावात येतात. युनेस्कोने २०१५ साली या उत्सवांना मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मुलाने पहिल्यांदा पेटता ओंडका घेऊन उतरणं म्हणजे तो मोठा झाला, असं तिथे मानतात. दुसऱ्या दिवशी लोक निखारे आणि राख घरी नेतात, घराच्या आणि बागेच्या राखणीसाठी. होळीची राख कपाळाला लावणाऱ्यांनी हे वाचून नुसती मान डोलवावी.

कॅटलनमध्ये या ओंडक्यांना ‘फालिया’ म्हणतात आणि २३ जूनच्या रात्री इसिल या गावात त्यांची रांग उतरते. लांबून, कॅमेरा उघडा ठेवून काढलेल्या फोटोत माणूस एकही दिसत नाही; काळ्या डोंगरावरून वळणं घेत ओघळलेली लाव्हाची रेघ तेवढी दिसते. अप्रतिम दिसते. पण त्या रेघेत कुणाचा तरी सोळा वर्षांचा मुलगा असतो, खांद्यावर जळतं लाकूड, मानेला चटके, पायाखाली निसरडं. त्याची आई गावाच्या तोंडाशी उभी राहून रेघ मोजत नाही, मुलगे मोजते.

लांबून आग पाहण्यात सगळंच हुकतं असं मात्र नाही. निकोलाय अस्ट्रुप या नॉर्वेच्या चित्रकाराने (१८८०–१९२८) योल्स्टर भागातले डोंगर, तळं आणि त्यांच्यात पेटलेल्या मध्यउन्हाळ्याच्या आगी पुन्हा पुन्हा रंगवल्या. त्याचे वडील कडक शिस्तीचे धर्मोपदेशक. ही पाखंडी आग आपल्या मुलांनी नाचत बघावी हे त्यांना मान्य नव्हतं. पोराने ती दुरूनच पाहिली, आणि पुढे जन्मभर रंगवली. ट्रायपॉड नव्हता, एक्स्पोजर मात्र चांगलंच लांबलं.

महाराष्ट्रातही याच दिवसांत डोंगरात उजेडाचे फोटो काढायला गर्दी होते, फक्त तो उजेड जळत नाही. मेच्या अखेरीपासून पावसाने जोर धरेपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीकडे काजव्यांनी झाडं लखलखतात. ते पाहायला आलेला माणूस गाडीचे हेडलाइट लावून येतो, मोबाइलचा टॉर्च पाजळून झाड शोधतो आणि मग विचारतो, “काजवे कुठायत?” काजवे उजेडानेच एकमेकांना खुणावतात, एवढ्या प्रकाशात कोण कुणाला दिसणार? तिकडे नवरात्रात प्रतापगडाच्या तटबंदीवर मशाली पेटतात तेव्हा दृश्य एरवाल्डच्या तोडीचं असतं, आणि तिथेही गडावर फ्लॅश मारणारे असतात. फ्लॅशला सीमा नाहीत, फक्त चार-पाच मीटरची मर्यादा आहे.

कुरणात परत येऊ. साडेदहा होऊन गेले. गवतावर दव उतरलं, ते लेन्सवरही उतरलं. पुणेकराला ते कळलं नाही. त्याला वाटलं धुरामुळे ‘मूड’ आलाय. डोळे अंधाराला सरावलेले असतात, त्यामुळे कॅमेऱ्याचा स्क्रीन भलताच उजळ वाटतो आणि फोटो सुरेख दिसतो. हाच फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉपवर उघडला की कोळशाच्या वखारीत मांजर शोधावं तशी आग शोधावी लागते. जाणकार म्हणतात, रात्री स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, हिस्टोग्राम बघा. पण समोर डोंगर पेटलेला असताना आलेख बघत बसणारा माणूस लग्नात जेवण सोडून केटररचं बिल तपासणाऱ्याच्याच जातीचा.

त्याने त्या रात्री दोनशे सत्तर फोटो काढले. त्यातले बरे निघाले चार, त्यातल्या तीन फोटोंत डच माणसाचं डोकं. शेवटची गाडी चुकू नये म्हणून तिघं पळत निघाली तेव्हा सोन्नेनश्पिट्झवरच्या आगी अजून जळत होत्या. आईनेच मागे वळून पाहिलं. तिने फोनवर एकच फोटो काढला होता, तिरका, कोपऱ्यात स्वतःच्या अंगठ्यासकट. फोनच्या नाइट मोडने रात्रीची संध्याकाळ करून टाकली होती, तरी ठिपके सगळे आले होते. तो रात्रीच घरच्या ग्रुपवर गेला. पहाटे नागपूरच्या मावशीचं उत्तर आलं, “छान! पण गावात लाइट गेली होती का गं?”

जायचं असेल तर एरवाल्डची आग दरवर्षी २१ जूनच्या जवळच्या शनिवारी असते, पाऊस आला की पुढे ढकलतात. निघण्याआधी तारीख विचारून घ्या. स्वेटर, छत्री आणि पुऱ्या न्या. पायवाटेवर उभे राहा, नॉइज रिडक्शन बंद करा, फ्लॅश घरी ठेवा. आणि आई बरोबर असेल तर फोन तिच्या हातात द्या.